हवेचं वजन दोन किलो

माझा लोड सेल, म्हणजे वजनाचे व्होल्ट करून सांगणारा सेन्सर, अतिशय मितभाषी. डोक्यावर पूर्ण १० किलो ठेवले तरी ५ व्होल्टच्या सप्लायवर तो पुटपुटणार जेमतेम १० मिलिव्होल्ट. या राईचा पर्वत करायला मी एलएम३५८ हा ऑपॲम्प, म्हणजे बारीक सिग्नल मोठा करणारा आयसी, नेमला. गेन (किती पट मोठं करायचं तो आकडा) ३००, म्हणजे १० मिलिव्होल्टचे ३ व्होल्ट. कागदावर हिशेब चोख होता. कागदावर माझं सगळंच चोख असतं.

सर्किट चालू केलं. मल्टिमीटरवर ३.५ व्होल्ट. वजन ठेवलं, ३.५. काढलं, ३.५. पाच व्होल्टच्या सप्लायवर या आयसीला साधारण तेवढंच वर जाता येतं. म्हणजे बिचारा छताला डोकं टेकून उभा होता. आयसी बदलला. दुसराही छताला. तिसराही. तिन्ही एकदम बिघडावेत एवढं काही आपलं नशीब फुटकं नाही, हे सुचायला रात्रीचा एक वाजला. मग भिंग घेऊन बसलो, तर फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुटचा अंश परत इनपुटला देऊन गेन आवरणाऱ्या, रेझिस्टरचा एक पाय ब्रेडबोर्डच्या शेजारच्या ओळीत! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. फीडबॅक तुटला की ऑपॲम्पला मधला सूर उरत नाही, तो थेट वरच्या पट्टीत.

पाय जागेवर बसवला आणि आकडा हलला. हलला तो थांबेचना. हात जवळ नेला की नाचायचा, लांब नेला की निवायचा. ऑसिलोस्कोपवर दर २० मिलिसेकंदांनी एक उंचवटा. हे विजेच्या लाइनचे ५० हर्ट्झ. सेन्सरच्या लांबलचक वायरी अँटेना झाल्या होत्या, आणि त्यांच्या जोडीला मी. वायरींना सुंभासारखा पीळ दिला, ॲडॅप्टर टेबलाच्या पार टोकाला हाकलला, इनपुटला कपॅसिटर लावला आणि स्वतःची खुर्चीही मागे ओढली.

आकडा शांत झाला. वर काही नसताना ०.६ व्होल्ट, म्हणजे चक्क दोन किलो! मी सेल पुसला. फुंकर मारली. शेवटी डेटाशीट उघडली (ती म्हणे आधी उघडायची असते). आयसीचा स्वतःचाच दोनेक मिलिव्होल्टचा ऑफसेट (इनपुटला काही नसतानाही तो धरून चालतो ती चूक), आणि तोही इमानेइतबारे ३०० पट झालेला. पर्वत करायला सांगितला होता; राई कुणाची घ्यायची हे मी कुठे सांगितलं होतं?

सध्या प्रत्येक वजनातून मी दोन किलो वजा करतो. खरे १० किलो मात्र ठेवत नाही, पुन्हा छत लागतं. शिवाय ऑफसेट तापमानाबरोबर सरकतो. गरम हवा हलकी असते म्हणतात. माझ्याकडे खोली तापली की ती सत्तर ग्रॅमने जड भरते.