आयपॅडवर व्हॉट्सअ‍ॅप चालतं, कॅल्क्युलेटरही आहे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस एक फॉरवर्ड फिरतंय: ‘आयपॅड घेऊ नका. त्यात व्हॉट्सअ‍ॅप नाही, कॅल्क्युलेटर नाही, मराठी टायपिंग नाही.’ शेजारच्या काकांनी यावरून ठरलेली खरेदी रद्द केली, म्हणून हा खुलासा.

पहिले दोन मुद्दे कोणी मनाने रचलेले नाहीत, शिळे आहेत. आयपॅड 2010 साली आला, आणि साधा कॅल्क्युलेटर मिळायला 2024 चं आयपॅडओएस 18 (आयपॅड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती) उजाडलं! चौदा वर्षं, हसावं की रडावं. व्हॉट्सअ‍ॅपचं आयपॅडसाठीचं अ‍ॅप मे 2025 मध्ये आलं. फोनवरचं खातं क्यूआर कोड स्कॅन करून जोडायचं, मग व्हिडिओ कॉलही मोठ्या पडद्यावर होतो. मराठी कीबोर्ड तर सेटिंग्जमध्ये आधीपासूनच आहे, फक्त चालू करावा लागतो.

याचा अर्थ अँड्रॉइड टॅब वाईट, असा मुळीच नाही. अनेक अँड्रॉइड टॅबमध्ये मेमरी कार्ड टाकता येतं, आयपॅडमध्ये ती सोयच नाही. नातवंडांचे व्हिडिओ साठवणाऱ्या आजोबांना मी तरी अँड्रॉइडच सुचवीन. किंमतही निम्म्याहून कमी असू शकते. मात्र स्वस्त टॅबला अपडेट किती वर्षं मिळणार, हे दुकानदाराला आधी विचारा. तिथे आयपॅड सहसा सरस ठरतो. 2019 च्या साध्या आयपॅडवर आयपॅडओएस 18 चाललं.

काका, लक्ष्मी रोडला जायचं असेल तर शनिवारी मी मोकळा आहे.