दाखला चालतो की नाही, एकदाच काय ते सांगा

पासपोर्टसाठी जन्मदाखला चालतो की नाही, या साध्या प्रश्नाला सांगलीत दर खिडकीवर वेगळे उत्तर मिळते, याचा आता मनस्वी संताप येतो. नियम लेखी आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. त्याआधी जन्मलेल्यांनाही तो चालतोच, शिवाय त्याऐवजी शाळा सोडल्याचा दाखला, पॅनकार्ड किंवा वाहन परवाना दिला तरी पुरतो. २६ जानेवारी १९८९ पासून जन्मलेल्यांवर असलेली जन्मदाखल्याची सक्ती २०१६ च्या डिसेंबरमध्येच उठली, तरी अर्ज भरून देणारे एजंट आजही तीच अट ऐकवून जत-आटपाडीहून आलेल्या माणसांना आल्या पावली गावाकडे पिटाळतात.

खरा घोळ जुन्या दाखल्यांचा आहे. जन्माची नोंद वेळेत झालेली असते, पण ती बारशाआधीची, त्यामुळे बाळाच्या नावाची जागा कोरीच राहते आणि तो कागद पासपोर्टच्या वेळी कुचकामी ठरतो. नाव नंतर नोंदवून घेण्याची तरतूद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच आहे. मग दाखला हातात देतानाच ते एका वाक्यात सांगायला काय हरकत असते? आईचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे, हे तर घरोघरी आहे. निदान पहिल्या फेरीतच साऱ्या त्रुटी एकदम लिहून द्याव्यात. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला दर खेपेस नवी त्रुटी सांगणे हा निव्वळ अन्याय आहे.