‘फक्त एक पुस्तक जास्त’ एवढाच फरक आहे का? मॉर्मन शिकवण आणि ख्रिस्ती परंपरा

आमच्या मंडळीतल्या आणि ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मॉर्मन हा कॅथॉलिक किंवा मेथडिस्ट यांच्यासारखाच ख्रिस्ती धर्मातला एक पंथ आहे, त्यांचा देव तोच आणि येशूही तोच, बायबल तेच, फक्त एक पुस्तक जास्त, तारणाची शिकवण सारखी, बाप्तिस्म्याचे शब्दही तेच, आणि इतर मंडळ्या त्यांना आपल्यात धरत नाहीत ते जुन्या बहुपत्नीत्वाच्या रागापोटी. लिहिणाऱ्याचा हेतू सलोख्याचा असावा असे मला वाटते, आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवे. दर रविवारी उभे राहून जो मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, आम्ही म्हणतो त्यातल्या प्रत्येक शब्दासाठी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले आहेत. ते शब्द असोत वा नसोत, काही बिघडत नाही, असे मला म्हणवत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हा पंथ सुरू करणाऱ्या जोसेफ स्मिथची मॉर्मन लोक पूजा करतात, हा उलट बाजूचा आरोप साफ खोटा आहे. येशू कुमारिकेच्या पोटी जन्मला, आपल्या पापांसाठी मेला आणि तिसऱ्या दिवशी देहासह उठला, असे ते मानतात आणि त्याच्याच नावाने प्रार्थना करतात. त्यांच्या सर्वांत मोठ्या मंडळीचे अधिकृत नावातच येशू ख्रिस्ताचे नाव आहे, आणि ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नये असे आवाहन तिच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी 2018 मध्ये केले होते. वाचकांच्या सोयीसाठीच मी इथे तो शब्द ठेवला आहे.

आता पहिला मुद्दा : देव तोच. सगळ्या फरकाचे मूळ इथेच आहे. 325 साली नायसिया येथे भरलेल्या ख्रिस्ती बिशपांच्या परिषदेपुढे प्रश्न होता तो पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे की काय हा. पुत्र जन्मलेला आहे, घडवलेला नाही, आणि तो पित्याशी एकाच सत्त्वाचा आहे, असे उत्तर परिषदेने दिले. 381 मध्ये कॉन्स्टंटिनोपल येथे पवित्र आत्म्याविषयीचा भाग विस्तारला गेला. या मांडणीत देव एकच आहे, तीन व्यक्तींमध्ये असूनही त्याचे सत्त्व अविभाज्य आहे. तो आत्मा आहे, त्याला आरंभ नाही, आणि दृश्य-अदृश्य जे काही आहे ते त्याने शून्यातून निर्माण केले आहे. निर्माता आणि निर्मिती यांच्यामधली ही रेषा कॅथॉलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट या तिघांनीही कधी ओलांडली नाही. पोपच्या अधिकारावरून आणि प्रभुभोजनाच्या अर्थावरून ते शतकानुशतके भांडले, पण या रेषेबद्दल त्यांचे एकमत राहिले.

जोसेफ स्मिथने 1843 मध्ये दिलेली शिकवण ‘सिद्धांत आणि करार’ या मॉर्मन धर्मग्रंथाच्या 130व्या प्रकरणात आहे. तिच्यानुसार पित्याला मनुष्याच्या शरीरासारखेच स्पर्श करता येईल असे हाडामांसाचे शरीर आहे, पुत्रालाही तसेच आहे, आणि पवित्र आत्मा मात्र आत्मिक व्यक्ती आहे. म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तीन वेगळी अस्तित्वे आहेत आणि त्यांची एकता हेतूची व इच्छेची आहे, सत्त्वाची नाही. पुढच्याच वर्षी, 7 एप्रिल 1844 रोजी, इलिनॉयमधल्या नाऊवू या गावी एका मित्राच्या स्मरणार्थ केलेल्या प्रवचनात स्मिथने याहून दूरचे पाऊल टाकले. देव स्वतः एके काळी आपल्यासारखाच होता, असे त्याने सांगितले. निर्माण करणे म्हणजे आधीपासून असलेल्या द्रव्याची रचना करणे, आणि मनुष्याचे चैतन्य मुळात निर्माण झालेलेच नाही, असेही सांगितले. हे प्रवचन मॉर्मन धर्मग्रंथांत समाविष्ट नाही आणि आजचे मॉर्मन नेते त्याविषयी जपून बोलतात. तरी मनुष्य हा स्वर्गीय पित्याचे आत्मिक अपत्य आहे, येशू त्या अपत्यांमधला ज्येष्ठ आहे आणि मनुष्य पित्यासारखा होऊ शकतो, ही शिकवण त्यांच्याकडे आजही दिली जाते.

यावर एक चांगला आक्षेप घेतला जातो, आणि तो मी टाळू इच्छित नाही. चौथ्या शतकातल्या अथनेशियस या बिशपनेच लिहिले आहे की आपण देव व्हावे म्हणून देव मनुष्य झाला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या तर मनुष्याच्या दैवीकरणावर फार भर देतात. मग स्मिथने वेगळे काय सांगितले? अथनेशियसने सारे आयुष्य, पाच वेळा हद्दपारी सोसून, ज्यासाठी झगडा केला ती गोष्टच मुळी पुत्र निर्मितीत मोडत नाही ही होती. त्याच्या वाक्यात मनुष्य कृपेने देवाच्या जीवनात सहभागी होतो; देवाचे सत्त्व त्याला प्राप्त होत नाही, आणि देव कधी काळी मनुष्याच्या पायरीवर होता असे तर ते वाक्य मुळीच सुचवत नाही. निखाऱ्यात ठेवलेले लोखंड लाल होते, पण ते लोखंडच राहते, हा दृष्टांत प्राचीन ख्रिस्ती लेखक वारंवार वापरीत. मॉर्मन शिकवणीत देव आणि मनुष्य मुळात एकाच जातीचे आहेत आणि फरक प्रगतीच्या टप्प्याचा आहे. शब्द जवळचे दिसले तरी अर्थ दोन टोकांचे आहेत.

दुसरा मुद्दा, ‘फक्त एक पुस्तक जास्त’, आकड्यातच चुकतो. बायबलखेरीज त्यांचे धर्मग्रंथ तीन आहेत : 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा येथे छापलेले ‘मॉर्मनचे पुस्तक’, वर उल्लेखलेला ‘सिद्धांत आणि करार’, आणि ‘अमूल्य मोती’. बायबलही देवाचे वचन आहे ते त्याचे भाषांतर बरोबर झाले आहे तेवढ्यापुरते, अशी अट स्मिथने 1842 मध्ये लिहिलेल्या श्रद्धाकलमांत आहे. पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. ज्या जादा पुस्तकाकडे सगळे बोट दाखवतात ते ‘मॉर्मनचे पुस्तक’ देवाविषयी बोलताना पारंपरिक शिकवणीच्या बरेच जवळ आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे मिळून एकच अनंत देव आहेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. खरा दुरावा नंतरच्या लिखाणात आहे. ‘अमूल्य मोती’मधल्या अब्राहामाच्या ग्रंथात तर सृष्टीची रचना ‘देवांनी’ केली, असे अनेकवचन येते.

याचा पडताळाही आहे. स्मिथच्या मृत्यूनंतर त्याचे सगळे अनुयायी त्याच्यामागून नेता झालेल्या ब्रिगम यंगबरोबर अमेरिकेच्या पश्चिमेकडील युटाला गेले नाहीत. मागे राहिलेल्यांपैकी एका मोठ्या गटाची जी मंडळी पुढे उभी राहिली ती आज ‘ख्रिस्ताचा समुदाय’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. ती ‘मॉर्मनचे पुस्तक’ धर्मग्रंथ म्हणून ठेवते, परंतु त्रैक्य, म्हणजे तीन व्यक्तींमध्ये एकच देव, मानते. आणि 2010 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय ख्रिस्ती मंडळ्यांच्या परिषदेने तिला सदस्य करून घेतले. जादा पुस्तकच अडसर असते तर हे घडले नसते.

तारणाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण मॉर्मन शिकवणीचे पुष्कळ टीकाकार इथेच अडकतात. ‘आपण करता येईल ते सारे केल्यावर कृपेने तारले जातो’ अशा अर्थाचे मॉर्मन वचन उचलून ते इफिसकरांच्या पत्रातल्या ‘कृपेनेच’ या वचनासमोर ठेवले जाते. हा युक्तिवाद मला कमकुवत वाटतो. कृपा आणि कृती यांच्या संबंधावर कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट यांचेही सोळाव्या शतकापासून मतभेद आहेत. खरा फरक तारणाचे फळ काय याविषयी आहे. मॉर्मन शिकवणीत वैभवाची तीन राज्ये आहेत, बहुतेक सर्व माणसांना त्यांपैकी एखादे मिळते, आणि सर्वोच्च अवस्थेसाठी मंदिरात अनंतकाळासाठी बांधलेला विवाह लागतो. पारंपरिक मंडळ्यांतला विवाह मृत्यूपर्यंतचा असतो, आणि पुनरुत्थानात कोणी लग्न करत नाहीत व करून देत नाहीत, हे मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायातले येशूचे उत्तर त्या वाचतात.

बहुपत्नीत्वाचा मुद्दा सर्वांत लवकर निकालात निघतो. युटातल्या मंडळीने ती प्रथा 1890 च्या जाहीरनाम्याने थांबवायला सुरुवात केली, 1904 नंतर ती पाळणाऱ्यांना मंडळीतून काढले जाऊ लागले, आणि तरीही इतर मंडळ्यांचा धर्मशास्त्रीय आक्षेप कायम आहे. तो त्या प्रथेवर उभा नव्हता हे बाप्तिस्म्याच्या उदाहरणातून दिसते.

बाप्तिस्म्याबद्दल कॅथॉलिक परंपरा विलक्षण उदार आहे. पाणी असावे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाव घ्यावे आणि मंडळीला अभिप्रेत असलेलेच करण्याचा हेतू असावा. मग बाप्तिस्मा देणारा पाखंडी असला तरी तो वैध ठरतो, ही भूमिका, अपात्र धर्मगुरूंनी केलेले विधी अवैध मानणाऱ्या डोनॅटिस्ट गटाशी झालेल्या वादात, प्राचीन धर्मशास्त्री ऑगस्टीनने मांडली आणि ती टिकली. प्रॉटेस्टंट माणूस कॅथॉलिक झाला तर त्याला पुन्हा पाण्यात उतरवत नाहीत ते यामुळेच. असे असूनही मॉर्मन बाप्तिस्मा वैध आहे का, या प्रश्नाला व्हॅटिकनने जून 2001 मध्ये ‘नाही’ असे उत्तर दिले. तीन नावे उच्चारली जातात, पण ती ज्यांना उद्देशून आहेत ते निराळे आहेत, असे त्याचे कारण होते. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट मंडळीनेही 2000 मध्ये असाच निर्णय घेतला होता.

आणि हा नकार एकतर्फी नाही. प्रेषितांच्या मृत्यूनंतर याजकपणाचा अधिकार पृथ्वीवरून नाहीसा झाला, सगळे मतांगीकार भ्रष्ट ठरले, आणि तो अधिकार 1829 मध्ये बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने स्वतः येऊन जोसेफ स्मिथ आणि त्याचा सहकारी ऑलिव्हर काउडरी यांना पुन्हा दिला, ही मॉर्मन श्रद्धेची पायाभूत कथा आहे. म्हणून त्यांच्या विधीत तीन नावांच्या आधी, येशू ख्रिस्ताकडून अधिकार मिळाल्यामुळे मी हा बाप्तिस्मा देतो, अशा अर्थाचे शब्द येतात. तान्हेपणी माझ्या डोक्यावर ओतलेल्या पाण्याला ते बाप्तिस्मा मानत नाहीत. उद्या मी त्यांच्याकडे जायचे ठरवले, तर कुंडात पूर्ण बुडवून ते मला पहिल्यापासून बाप्तिस्मा देतील.