क्लिक होतो, गिअर पडत नाही!

जांबोटीच्या रस्त्याला चढ लागला की माझ्या जुन्या रोड सायकलची चेन मागच्या दोन दातेरी चक्रांच्या मधेच खरखरत राहते. दर वेळी तेच! दुकानात नेली की मेकॅनिक डिरेलरचे, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागाचे, दोन स्क्रू पिळतो. अहो, ते स्क्रू चेनची फक्त हद्द ठरवतात. शिफ्टरचा, म्हणजे गिअर बदलायच्या दांड्याचा, क्लिक जुळतो तो केबलच्या ताणावर. १९८४ साली शिमानो कंपनीच्या ड्युरा-एस या गिअरसंचावर सहा गिअरचं हे इंडेक्सिंग, म्हणजे एका क्लिकला एक गिअर, आलं. तो जुना ड्युरा-एस डिरेलर शिमानोच्याच दुसऱ्या शिफ्टरशी जुळत नाही, हे कुणी ऐकूनच घेत नाही. वर आउटर, म्हणजे केबलवरचं आवरण, घातलं तेही ब्रेकचं! ते दाबलं जातं, मग क्लिक टिकणार कसा? आधी डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकलाय का ते तरी बघा की! खरखर ऐकून जीव नुसता कासावीस होतो.