एल्डन रिंगमध्ये म्हणे यूआयच नाही!

परत ती इमेज फिरायला लागलीय, डावीकडे बाण, मार्कर, मिशनच्या याद्या यांनी खचाखच भरलेली स्क्रीन, उजवीकडे एल्डन रिंग या व्हिडिओ गेमचं मोकळं मैदान, आणि खाली लिहिलंय: "गेम भारी असेल तर यूआय लागत नाही. यूआय म्हणजे नुसती सजावट. मेन्यूकडे कोण बघतं?" (यूआय म्हणजे स्क्रीनवरचे मेन्यू, बटणं, पट्ट्या, खुणा वगैरे.) तिसऱ्या ग्रुपवर आली तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकू.

"यूआय लागत नाही". अरे, आहे की त्यात! एचयूडी (खेळताना स्क्रीनवर दिसणारी माहिती) ऑटोवर ठेवलं की निवांत फिरताना तब्येतीच्या वगैरे पट्ट्या गायब होतात आणि मारामारी सुरू झाली की परत हजर, हे कोणीतरी बसून ठरवलंय ना? ग्रेस नावाच्या विसाव्याच्या जागेतून तो सोनेरी झोत निघतो तो पुढं कुठं जायचं तेच सांगतो, म्हणजे बाणच झाला, फक्त बाणासारखा दिसत नाही. आणि एवढं करूनही एकदा भेटलेला एनपीसी (गेमच चालवतो ते पात्र) परत कुठं सापडेल याचा पत्ता लागायचा नाही, मग रिलीजला महिना व्हायच्या आत, मार्च २०२२ च्या १.०३ पॅचमध्ये, म्हणजे अपडेटमध्ये, त्यांच्या खुणा आणि नावं नकाशावर आली. गरजच नव्हती तर ही उठाठेव कशाला?

"गेम भारी असेल तर" हे अर्धं खरंय, भारी गेमसाठी लोक बरंच सहन करतात. पण ड्वार्फ फोर्ट्रेस हा गेम बघा. २००६ पासून फुकट, खोली अशी की विचारू नका, पण स्क्रीनवर नुसती अक्षरं आणि चिन्हं, आणि प्रत्येक कामाला कीबोर्डचं वेगळं बटण. मी दोनदा उतरवला, दोन्ही वेळा अर्ध्या तासात हात टेकले. डिसेंबर २०२२ मध्ये तोच गेम चित्रं, माउसवर चालणारे मेन्यू आणि ट्युटोरियल घेऊन स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, आला, विकत, आणि त्या एका महिन्यात साडेचार लाखांच्या वर खपला. स्टीमवर आल्याचा फायदा झाला असणारच, मान्य. पण फुकट असताना पळालेली माझ्यासारखी माणसं पैसे मोजून परत आली त्याचं काय?

"नुसती सजावट" म्हणणाऱ्याने बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम खेळणाऱ्या कुठल्याही पोराच्या फोनवर फायरचं बटण जरा सरकवून दाखवावं, शिव्या मोजायला मी येतो. "भावा कंट्रोल कोड टाक ना" हे (म्हणजे दुसऱ्याची बटणांची मांडणी आपल्या फोनवर घ्यायचा कोड) काय सजावटीसाठी मागतात का राव? त्याच गेममध्ये मिनीमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) पावलांच्या आणि गोळीबाराच्या खुणा उमटतात. माझ्या मावसभावाला एका कानाने ऐकू येत नाही, नुसत्या आवाजावरून त्याला दिशा कळत नाही, तो त्या खुणा बघून आमच्या आधी ओरडतो, "डावीकडं आहे रे कोणीतरी!"

डावीकडची ती भरलेली स्क्रीन वाईटच आहे, त्यावर वाद नाही. पण काय दाखवायचं आणि काय लपवायचं हेच तर यूआयवाल्याचं काम. डेड स्पेस या गेमने २००८ मध्येच हिरोची तब्येत त्याच्या सूटच्या पाठीच्या कण्यावर दाखवली होती, कोपऱ्यात पट्टी नाही काही नाही.

आणि मेन्यूकडे कोण बघतं? मी बघतो, टीव्हीपासून वीतभर अंतरावरून. एक महागडा गेम घेतला, अक्षरं मुंगीएवढी, मोठी करायची सोय नाही, प्रत्येक तलवारीची माहिती वाचायला सोफ्यावरून उठून टीव्हीपाशी जायचं. आई म्हणाली, "खेळतोयस का टीव्ही पुसतोयस?" त्या दिवसापासून मी तलवारी न वाचताच विकतोय.