तो चार नंबर पुसलात कशाला?

आज सकाळी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कॉलेजचं पोस्टर आलं. 'चॅम्पियन्स कलेक्शन'. हुडी १४९९, टोपी ३९९, पाण्याची बाटली ५४९. माजी विद्यार्थ्यांना दहा टक्के सवलत. आणि मागे, शिवाय हुडीवरही, एक मोठा फोटो, १९९८च्या खो-खो सामन्यातला. खांबावर सूर मारलेली, अनवाणी, वेणी हवेत उडालेली ती मुलगी मी आहे.

खरं सांगते, आधी ऊर भरून आला. लेकीला हाक मारून दाखवला. मग बोटांनी फोटो मोठा केला आणि बघते तर पाठीवरचा माझा चार नंबर गायब. त्या जागी कॉलेजचा नवा लोगो. तोही असा चपखल बसवलाय की नवख्याला वाटावं, आम्ही तेव्हा असल्याच जर्सीत खेळत होतो.

नव्हतो. आम्ही बाराजणी होतो आणि जर्सी नऊ. त्याही मुलांच्या कबड्डी संघाच्या उतरलेल्या, धुऊन धुऊन नंबर निघून गेलेल्या. कोल्हापूरला इंटरझोनलला, म्हणजे विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेला, गेलो तेव्हा सकाळी शिवाजी विद्यापीठाच्या मैदानाच्या कडेला बसून सरांनी प्रथमोपचाराच्या पेटीतली पांढरी चिकटपट्टी काढली, ब्लेडने तुकडे केले आणि एकेकीच्या पाठीवर नंबर चिकटवले. माझ्या चाराला तीन तुकडे लागले. "घाम आला की सुटेल, मधेमधे दाबून घे गं," म्हणाले. जिमखान्याकडून आलेले पैसे जातानाच्या एसटीच्या तिकिटातच संपले होते. परतीचं तिकीट सरांनी पगारातून काढलं, हे आम्हाला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

तो चार नंबर पुसला तुम्ही. कोणाला विचारून?

फोटो माझा आहे म्हणून पैसे मागत नाहीये मी. कोणी तसा अर्थ काढू नका. अमेरिकेत २०२१च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेता येतात, ते त्यांचं बरं चाललंय. मला एक रुपया नको. पण ज्या संघाला तुम्ही जर्सी दिली नाही, त्या संघाच्या अंगावर सत्तावीस वर्षांनी लोगो चिकटवून तुम्ही हुडी विकणार?

आणि 'चॅम्पियन्स' कोण? आम्ही तो सामना हरलो होतो. बरोबरी झाली, अलाहिदा म्हणजे जादा डाव झाला आणि एका गुणाने हरलो. मी शेवटच्या मिनिटाला बाद झाले, तो खो अजून कानात आहे. हरलेल्या सामन्याचा फोटो लावून खाली चॅम्पियन्स लिहिताना निदान जिमखान्याचं रजिस्टर तरी उघडायचं.

आता हे सगळं का, तर खो-खोला बरे दिवस आले म्हणून. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. त्या रात्री मी टीव्हीसमोर रडले होते. त्यानंतर सगळ्यांनाच 'आपल्या मातीतला खेळ' आठवायला लागला. माती कुठाय पण? दिवाळीत माहेरी गेले तेव्हा कॉलेजवर चक्कर मारली. आमच्या मैदानाच्या अर्ध्या भागावर पेव्हर ब्लॉक टाकलेत, गाड्या लावायला. खो-खोला लागतं किती, सत्तावीस बाय सोळा मीटर. तेवढी माती नाही ठेवता आली? मुली उरलेल्या कोपऱ्यात सराव करत होत्या. कोणाच्या अंगात शाळेचा टी-शर्ट, कोणाच्या भावाचा. एकीला विचारलं, जर्सी? म्हणाली, "काकू, स्पर्धेच्या वेळी मागच्या वर्षीच्या ताईंकडून आणतो."

म्हणजे आम्ही जिथे होतो तिथेच. फक्त पोस्टर छान झालंय.

कॉलेज चालवायला पैसा लागतो, कबूल. विक्रीतला काही भाग विद्यार्थी निधीत जाणार असं खाली बारीक अक्षरात लिहिलंय, तेही वाचलं. जात असेल. पण आधी मुलींच्या अंगात जर्सी आणि मग माझ्या अंगात हुडी, हा क्रम कोणी शिकवायला हवा का?

माझं माहेर कराडकडचं. गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणापासून एकच गोष्ट ऐकत आलोय. १९५२ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैलवान खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आणि पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढून ते पैसे फेडले. आमच्याकडे ही गोष्ट सांगताना म्हातारी माणसं पदकाशी कमी आणि त्या घराशी जास्त थांबतात. कॉलेज म्हणजे ते. खेळाडूसाठी स्वतःच्या खिशाला हात घालतं ते. आमच्या सरांनी परतीचं तिकीट काढलं, ते त्याच जातकुळीतलं होतं. त्यांचा तर पोस्टरवर उल्लेखसुद्धा नाही. फोटो त्यांच्याच कॅमेऱ्यातला आहे हो! तीनच प्रती काढल्या होत्या, एक माझ्याकडे आहे. त्यात चार नंबरचा खालचा तुकडा सुटून लोंबताना दिसतो.

(थोडा वेळ लिहायचं थांबले होते. आता पुढे लिहिते.)

मधल्या वेळात माझ्या जोडीदारणीला फोन केला. तीच, जिच्यात आणि माझ्यात एक जर्सी होती. डाव बदलला की बाकीच्या मुली चादर धरायच्या आणि आड उभं राहून आम्ही अदलाबदल करायचो. तिच्या घामाने ओली, गरम जर्सी मी अंगात घालायचे, पाठीवरचा नंबर ती दाबून द्यायची. आज तिला म्हटलं, बघितलंस का काय केलंय? ती म्हणाली, "बघितलं. मी लेकीसाठी एक मागवलीसुद्धा. तिला दाखवायचंय, आई अशी खेळायची."

यावर काय बोलणार? काही बोलले नाही. तिच्याकडे तो फोटो नाही. तीन प्रतींतली तिच्या वाट्याला आलीच नव्हती. आज तिला तो पहिल्यांदा मिळाला, तोही हुडीवर. उद्या माझ्याकडची प्रत स्कॅन करून तिला पाठवते, चार नंबरसकट.

बाकी कोणी हुडी घेतली असेल तर घ्या बाई, मी तुम्हाला नावं ठेवत नाही. पण संध्याकाळी बाजारात खेळाच्या सामानाच्या दुकानात विचारून आले. चांगल्या कापडाची जर्सी, पाठीवर नंबर छापून, २८० रुपये. बारा जर्सी ३३६०. तीन हुड्यांच्या पैशात अख्खा संघ उभा राहतो. झोनलच्या, म्हणजे विभागीय स्पर्धेच्या, आधी मुलींना मिळायला हव्यात. चार मी देते. आठ राहिल्या. त्या संघातल्या ज्या ज्या हे वाचताय, त्यांनी खाली आपापला नंबर लिहा.