जुन्या स्कॅनरची क्रिस्टलं फेकू नका

एक मजकूर सारखा फिरत असतो: १९७०च्या दशकातले बेअरकॅट, रीजन्सी असे क्रिस्टलवाले अमेरिकी स्कॅनर (पोलीस, अग्निशमन वगैरेंच्या वाहिन्या आळीपाळीने ऐकवणारे रेडिओ, ज्यांत दर वाहिनीला एक क्वार्ट्झ क्रिस्टल लागतं) आता निकामी आहेत, कारण क्रिस्टलं वयाने सरकतात, म्हणजे त्यांची फ्रिक्वेन्सी बदलते, वापराने झिजतात आणि शेवटी संच मुका होतो. हे वाचून लोक चांगली क्रिस्टलं कचऱ्यात टाकतात. मला ते बघवत नाही.

क्रिस्टलं सरकतात, हे खरंच. पण किती? १६२.५५ मेगाहर्ट्झ ही अमेरिकेतल्या हवामान रेडिओची एक फ्रिक्वेन्सी. आयएफ (आलेला सिग्नल संच आत ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) १०.७ मेगाहर्ट्झ असलेल्या संचात हवामान रेडिओ ऐकायचा तर १०.७ वजा करून ३ने भागायचं, कारण संच क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी तिप्पट करून वापरतो. क्रिस्टल येतं सुमारे ५०.६१७ मेगाहर्ट्झचं. ते दशलक्षात १० भाग सरकलं असं धरू. क्रिस्टलवर फरक ५०६ हर्ट्झ, तिप्पट होऊन वाहिनीवर जेमतेम दीड किलोहर्ट्झ. २५-३० किलोहर्ट्झ अंतराच्या वाहिन्यांसाठी बनलेला संच एवढं सहज पचवतो. शिवाय सरकण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो, पुढे मंदावतो.

यूएचएफवर (याहून वरच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात) मात्र दाव्यात दम आहे. तिथे गुणाकार ९ने होतो, तेवढंच सरकणं साडेचार किलोहर्ट्झ होतं आणि आवाज फाटू लागतो.

‘वापराने झिजतात’ हे साफ चूक. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी, ती थरथरून झिजत नाही. बंद डबीत राहिलेला ओलावा, डाग देताना उरलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो पदार्थ) क्वार्ट्झच्या चकतीवर बसतो, वजन वाढतं, फ्रिक्वेन्सी उतरते. पकडीतला ताण सैल होतो, त्यानेही फरक पडतो. संच कपाटात पडून असला तरी हे चालूच राहतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराची क्रिस्टलं खरोखर झपाट्याने सरकत होती, पण तिथे दोष घासकामाचा होता: पृष्ठभागावर सैल कण राहत. तो थर ॲसिडने खाऊन टाकायला लागल्यावर त्रास आटोक्यात आला.

मग संच मुका का? बहुतेक वेळा बदल संचाबाहेर झालेला असतो. १ जानेवारी २०१३पासून अमेरिकेत पोलीस, अग्निशमन वगैरेंच्या बहुतेक वाहिन्या साडेबारा किलोहर्ट्झच्या झाल्या. डेव्हिएशन (आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी हलण्याचं प्रमाण) निम्मं झालं, म्हणून जुन्या संचात आवाज बारीक येतो. कित्येक यंत्रणा डिजिटल झाल्या, तिथे नुसती खरखर. यात क्रिस्टलचा काय गुन्हा? हवामान रेडिओ अजून जुन्याच एफएमवर चोवीस तास चालतो. त्याचं क्रिस्टल लावा. तो स्वच्छ ऐकू आला, तर संचाची व्हीएचएफ बाजू (हवामान रेडिओ ज्यात येतो तो पट्टा) ठणठणीत आहे.

एकच वाहिनी गप्प असेल, तर क्रिस्टल उपसून पिना बघा. माझ्या टेबलावर आलेल्या एका क्रिस्टलच्या पिना तव्याच्या बुडासारख्या काळ्या होत्या. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसल्या, सॉकेटमध्ये दोन-तीनदा आत-बाहेर केल्या, वाहिनी बोलू लागली. आणि सगळ्याच वाहिन्यांचा आवाज सारखाच फाटत असेल, तर वाहिन्यांची क्रिस्टलं जागेवर राहू द्या, डिस्क्रिमिनेटरची (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाची) कॉइल आणि आयएफचे फिल्टर तपासा. संचातली सगळीच क्रिस्टलं एकाच दिशेने, एकाच मापाने सरकत नसतात.